माणखारची कारभारीण

गोदूबाई घरतची आणि माझी ओळख नोटिशीमुळे झाली. नोटीस देणारा मी, घेणारी ती. ओळखीची सुरुवात इतकी वाईट झाली की पुढे सुधारायला भरपूर जागा राहते, एवढं मी अनुभवाने सांगतो.

मी कमळाकर. पेणला सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली. खात्याचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे अजून. खाडीकाठचे बांध राखणं एवढंच आमचं काम होतं आणि नेमकं तेवढंच आम्हाला जमत नव्हतं.

पेणहून गडबकडे निघालात की उजव्या हाताला सपाट भातशेती लागते. ती जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, हे मोटारीतून जाणाऱ्याला कळतही नाही. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून तिथे भात पिकतो, नाहीतर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पिकले असते. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडायची, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती लागली की बंद करायची. काम साधं आहे, पण वेळेवर झालं पाहिजे. आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. ती काही दहा ते पाचची ड्युटी करत नाही.

माणखार हे त्या खाडीकाठचं एकशे बारा घरांचं गाव. अर्धी माणसं भातशेतीत, अर्धी मिठागरावर. बापजाद्यांच्या काळापासून बांध गावाचा होता आणि बांधाचा कायदाही गावाचा होता. बांधावरून हाळी आली की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन हजर पाहिजे. मग घरात लग्न असो की आजारपण. जो येणार नाही त्याने दुसऱ्या दिवशी बांधावरच्या सगळ्यांना जेवू घालायचं. दर वर्षी पावसाआधी कारभारी निवडायचा, तोही बांधावरच. उमेदवार रांगेने उभे राहायचे आणि प्रत्येक घराने चिखलाचा एक गोळा आपल्या पसंतीच्या माणसाच्या पायाशी ठेवायचा. मोजणी झाली की ते सगळे गोळे उचलून बांधाच्या सगळ्यात कच्च्या जागेवर थापायचे. म्हणजे हरणाऱ्याची मतंसुद्धा कामाला लागायची. आमच्याकडे मतदान झालं की कागद जाळतात.

मग स्वराज्य आलं, आणि काही वर्षांनी आमचं खातं आलं. खात्याने सांगितलं, आजपासून बांध सरकार राखणार, तुम्ही निवांत शेती करा. माणखारच्या लोकांनी काय करावं? साहेबांना हार घातला, नारळ दिला आणि उघाडीची किल्ली तबकात ठेवून त्यांच्या हवाली केली. आता सरकार आपलंच आहे, आपल्याच माणसापासून किल्ली राखून ठेवायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. असला भोळेपणा माणखारवालेच करू जाणोत. जंजिऱ्याच्या नवाबानेसुद्धा इतक्या सहज काही सोडलं नसेल.

किल्ली आमच्या चौकीदाराकडे गेली. चौकीदार पेणला राहायचा आणि सकाळच्या एसटीने यायचा. ओहोटी पहाटे असली तर उघाडी बंदच, आणि शेतात कमरेइतकं पावसाचं पाणी. रोपं कुजली की लोक अर्ज द्यायचे. अर्ज मी आवक नोंदवहीत चढवायचो. माझं अक्षर फार सुरेख होतं, सगळे साहेब कौतुक करायचे.

आता नोटिशीकडे येतो. चौऱ्याहत्तर सालचा जून असेल. चौकीदाराने तक्रार केली, की माणखारच्या एका बाईने सरकारी बांधात माती टाकली. साहेबांनी नोटीस काढली आणि ती बजावायला मला पाठवलं. गोदूबाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. लहानपणापासून मिठागरात राबलेली, त्यामुळे पायांची कातडी वहाणेसारखी झालेली. ती दारात सुकट निवडत होती.

"मना वाचता येत नाय, भाऊसाहेब. तुमीच वाचून दावा," ती म्हणाली.

मी घसा साफ करून वाचलं. सरकारी बांधात विनापरवाना माती टाकून बांधाच्या मूळ स्वरूपात बदल केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि ज्या चिंबोरीनं बीळ पाडलं, तिला पन नोटीस दिली काय?"

मला राग आला. खरं सांगतो, हसू यायला हवं होतं, पण मी तेव्हा तरुण होतो आणि माझ्या खिशात सरकारी शिक्का होता. मी म्हणालो, "बाई, बांधाचं काय करायचं ते सरकार बघेल. पुन्हा हात लावलात तर पोलिसांत जाईल प्रकरण." ती म्हणाली, "बरा. नाय लावत." आणि खरंच, तिने हात लावला नाही, गावातल्या कोणीच लावला नाही. बीळ वाढत गेलं. मी परत येऊन बिळाबद्दल टिपण लिहिलं. टिपण पेणहून रोह्याला मोठ्या साहेबांकडे गेलं, तिथून अंदाजपत्रक मागवणारं पत्र आलं, अंदाजपत्रक गेलं, ते दुरुस्तीसाठी परत आलं. बाविसाव्या दिवशी उधाणाच्या भरतीने तिथे चाळीस हातांची खांड पाडली, म्हणजे बांधाला तेवढं भगदाड पडलं. खारं पाणी थेट गावाच्या देवळाच्या पायरीपर्यंत गेलं.

जी जागा एका बाईने दोन घमेली मातीने बुजवली असती, तिच्यात माझ्या सुरेख अक्षरातल्या फायलीने एक गाव बुडवलं. हे मी कोणावर ढकलत नाही. त्या बिळावर पाय ठेवून मीच उभा होतो.

पुढची तीन वर्षं माणखारच्या शेतात भाताचं एक कणीस आलं नाही. रोज दोन वेळा समुद्र आत यायचा आणि दोन वेळा बाहेर जायचा. तरणी माणसं रोह्याकडच्या कंपन्यांत शिफ्टला जाऊ लागली, गोदूबाईचा नवरा केरूही गेला. आणि मग आमच्या खात्याने प्रस्ताव तयार केला. खांड बुजवणं परवडणारं नाही, सबब माणखारचा बांध कायमचा सोडून द्यावा आणि जमीन खाडीत गेली अशी नोंद करावी. म्हणजे गाव नकाशावरून पुसायचं. त्या प्रस्तावाची स्वच्छ प्रत कोणी काढली असेल, ते सांगायला नको.

प्रस्तावाची कुणकुण गावाला लागली आणि गाव बांधावर जमलं. तेरा-चौदा वर्षांत पहिल्यांदा. बाप्ये अर्धेअधिक कंपनीत, म्हणून घरटी माणूस म्हणून बायकाच जास्त आल्या. कारभारी निवडायचं ठरलं. बाबाजी नावाचा एक जुना मिठागरवाला उभा राहिला आणि बायकांनी गोदूबाईला पुढे ढकललं. एकशे बारा गोळ्यांपैकी अठ्ठ्याऐंशी तिच्या पायाशी पडले. तिच्या स्वतःच्या घराचा गोळा केरूने आणला होता, तो त्याने गुपचूप बाबाजीपुढे ठेवला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "घरात हिचा राज, आता बांधावर बी हिचाच. मंग मी जाऊ कुठं?" ही गोष्ट खाडीकाठी अजून सांगतात.

गोदूबाईने पहिली मागणी जी केली, ती ऐकून मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तिने खात्याला पैसे मागितले नाहीत, माणसं मागितली नाहीत. तिने किल्ली मागितली. बांध आणि उघाडी गावाच्या ताब्यात द्या, आमच्या कायद्याने आम्ही राखू, तुमचा माणूस नको, तुमची परवानगी नको. अर्ज मीच लिहून दिला, तिच्या तोंडून. तोवर मला रात्रीची झोप लागेनाशी झाली होती, हेही कबूल करून टाकतो.

सुनावणी रोह्याला लागली. आम्ही पेणहून एसटीने गेलो, गावचे दहा जण, गोदूबाई आणि मी. शेजारच्या पाणखार गावचे हैबतरावही आले होते, त्यांचा बांध माणखारच्या बांधाला लागूनच आहे. शंभर एकरांचे धनी, अंगात कडक इस्त्री. त्यांना गोदूबाईची मागणी म्हणजे तमाशा वाटत होता. गाडीत मोठ्याने म्हणाले, "जंजिऱ्याचं संस्थान गेलं, आता माणखारचं निघालं वाटतं. गोदूबाई, तुझं तिकीट काढायचं की सलामी द्यायची?"

ती म्हणाली, "तिकीट काढा. सलामी माघारी येताना बघू."

रोह्याचे मोठे साहेब माणूस वाईट नव्हता. पुण्याकडचा, अभ्यासू, देशाचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "बाई, तुमचं दुःख मला समजतं," ते म्हणाले. "पण आज तुम्ही म्हणाल आमचा बांध, आमचा कायदा. उद्या शेजारचं गाव म्हणेल. परवा तालुका म्हणेल. अशी जागोजागी लहान लहान राज्यं झाली तर देश एक कसा राहायचा?"

प्रश्न खोटा नव्हता.

गोदूबाईने पदर सारखा केला. "साहेब, आमच्या घरात चार भाऊ. सासू व्हती तवर एकच चूल. रोज भांडान. कोनाच्या पोराला भात कमी, कोनाची भाकरी करपली, आनि जिची करपली ती म्हनं मना काय, चूल सासूची हाय. कोनालाच त्या चुलीची माया नाय. मंग सासऱ्यानं चार चुली मांडून दिल्या. लोक म्हनाले, घर फुटला. घर काय फुटला नाय. भादव्यात गनपती एकच येतो, थोरल्याच्या घरात. चारी चुलींचा निवेद त्याच्याच म्होरं. कोनी आजारी पडला तर चारी चुलींवरून पेज जाते. चुली वेगल्या केल्या म्हनून देव एक ऱ्हायला."

ती पुढे म्हणाली, "आमी नोटा छापू म्हनत नाय. फौज ठेवू म्हनत नाय. सारा भरू, मत देऊ, झेंड्याला येऊ. कोर्ट तुमचा, पोलीस तुमचा. फकस्त बांध आनि उघाडी आमची. पानी आमच्या दारात येतंय, तुमच्या नाय."

हैबतराव हसले, पण एकटेच.

मला राज्यशास्त्रातलं काही कळत नाही. पण त्या खोलीत मला एक गोष्ट लख्ख दिसली. आम्हाला वाटत होतं की किल्ली सोडली तर सरकार लहान होईल. सरकार लहान कधीच झालं होतं, ज्या दिवशी चिंबोरीच्या बिळापुढे ते हरलं त्या दिवशी. रेल्वे, टपाल, सरहद्द ही मोठी कामं मोठ्या सरकारने करावीत. पण चिंबोरीचं बीळ दिल्लीतून दिसत नाही, रोह्यातून नाही, आणि मला तर पेणहून येऊन समोर उभा राहूनही दिसलं नव्हतं.

साहेबांनी अर्धा तास विचार केला आणि हुकूम सांगितला. एक वर्ष माणखारचा बांध आणि उघाडी गावाच्या कारभारात राहील. खातं ढवळाढवळ करणार नाही. कमळाकर कारकून दर पंधरा दिवसांनी पाहणी करून अहवाल देतील. मात्र खांड बुजवल्यानंतर वर्षभरात बांध एका ठिकाणी जरी फुटला, तरी किल्ली परत आणि बांध सोडून देण्याचा प्रस्ताव मंजूर. मग गावाने तक्रार करायची नाही.

परतताना कोलाडला गाडी थांबली. गावकऱ्यांनी कांदाभजी घेतली, एकमेकांच्या पाठीत धपाटे घातले. गोदूबाईने भजी खाल्ली नाही. बसच्या पायरीवर बसून ती बोटांवर तिथ्या मोजत होती, कारण खांड बुजवायची तर भरती सगळ्यात कमी चढते त्या दिवसांतच बुजवावी लागते. असे दिवस महिन्यात दोनदाच येतात, पाच-सहा दिवसांचे.

माघातले ते सहा दिवस मी बांधावर होतो. पाहणी म्हणून गेलो आणि शेवटच्या दिवशी घमेली उचलत होतो. कंपनीतले बाप्ये शिफ्ट बदलून आले. दोन्ही टोकांकडून बांबूचे तट्टे, पेंढा, दगड आणि चिखल असं भरत आणलं, आणि मधली शेवटची फट ओहोटी संपायच्या आत एका दमात बंद केली. एकशे बारा घरं, एकही गैरहजर नाही. नाही, एक होतं. पाचव्या दिवशी केरू रात्रपाळी करून आला आणि घरी झोपून राहिला. गोदूबाई कारभारीण, तिची गणती घराचा माणूस म्हणून धरत नव्हते. तिने सगळ्यांसमोर स्वतःच्याच घराला दंड ठोकला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बांधाला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण स्वतः रांधून घातलं. वाढायला केरूला लावलं. तो वाढताना म्हणत होता, "खा, खा. माझ्या झोपेचं हाय." त्या दिवसानंतर दंडाची वेळ कोणावर आली नाही.

पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला. उघाडी आता ज्या वेळेला ओहोटी त्या वेळेला उघडायची. गोदूबाईचा हिशेब तोंडपाठ असायचा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. छापील तक्ता लागायचा नाही आणि पेणची एसटीही नाही. आषाढ सरता सरता माणखारच्या शेतात तीन वर्षांनी हिरवं दिसलं. म्हातारी माणसं बांधावर येऊन नुसती बघत बसायची.

पण वर्ष संपलं नव्हतं. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, प्रतिपदा. म्हणजे दुपारी पाऊण वाजता भरती, आणि ती वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाची. त्यात पहाटेपासून वारा सुटलेला आणि पाऊस कोसळतोय. मी पाहणीला सकाळीच पोचलो. दहा वाजेपर्यंत माणखारचा बांध पक्का होता. सगळी घरं आपापल्या ठरलेल्या जागी उभी होती.

साडेदहाला हैबतराव धावत आले. इस्त्री गेलेली, डोक्यावर टोपी नाही. पाणखारचा बांध हद्दीच्या दगडापासून पन्नास हातांवर पाझरत होता. तो बांध अजून खात्याचा. त्यांनी माणूस पेणला पाठवला होता, तो निरोप घेऊन आला होता की साहेब दौऱ्यावर आहेत, हुकूम आल्याशिवाय बांधाला हात लावू नये. पाणखारची माणसं छत्र्या घेऊन पाण्याकडे बघत उभी होती. त्यांनी चौदा-पंधरा वर्षांत बांधावर घमेलं उचललं नव्हतं. कोणी कुठे उभं राहायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

माणखारात कुजबूज झाली. बाबाजी म्हणाला, "गोदू, आपली माणसा तिकडं नेली आनि आपला बांध फुटला, तर किल्ली गेली, गाव गेला. त्यांचा त्यांना बघू दे." बोलणं खरं होतं. पाणखार बुडालं असतं तरी माणखारची अट मोडत नव्हती. एसटीतलं बोलणंही कोणी विसरलं नव्हतं. सगळ्यांनी गोदूबाईकडे पाहिलं. एका हाताला तिचं आख्खं गाव होतं, दुसऱ्या हाताला पाणखार.

तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, सरकारी बांधाला हात लावला तर नोटीस द्याल काय?"

"द्यावी लागेल," मी म्हणालो. नियम तसाच होता.

"द्या. पन उद्या."

मग ती गावाकडे वळली. "चाळीस घरा हितं ऱ्हातील. मिठागरवाली. त्यांना चिखल कलतो. बाबाजी, ही चाळीस तुझी. बाकीची बहात्तर माझ्यासंगं." बाबाजीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. विडी पेटवून विझायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात निर्णय झाला आणि माणसं पळू लागली. कोणाला सही लागली नाही, शिक्का लागला नाही. मी त्या दिवशी शिक्का घरीच विसरलो होतो, तेही बरंच झालं.

पुढचे दोन तास मी जन्मात विसरणार नाही. बहात्तर माणसांची साखळी लागली, त्यात निम्म्या बायका. चिखलाचे गोळे हातोहात सरकत होते. पाझर बोटाएवढा होता तो मनगटाएवढा झाला. गोदूबाई खाडीच्या बाजूने गळ्याइतक्या पाण्यात उतरली आणि पायाने चाचपत चाचपत बिळाचं तोंड शोधून काढलं. तिथे तिने पेंढ्याची पेंडी कोंबली आणि पाणी हनुवटीला लागेपर्यंत त्यावर पाठ टेकून उभी राहिली. वरून आम्ही भरत होतो. मी बूट काढून कुठे फेकले ते आजतागायत सापडलेले नाहीत. मग मागे वळून पाहिलं तर पाणखारच्या माणसांनी छत्र्या खाली ठेवल्या होत्या. आधी दोघं आली, मग दहा, मग सगळी. हैबतराव माझ्या शेजारी, शंभर एकरांचा धनी, कोपरापर्यंत चिखलात. त्यांना गोळा धड पकडता येत नव्हता. एक म्हातारी त्यांच्यावर ओरडली, "अरे, मूल धरल्यागत काय धरतंस, दे फुडं." त्यांनी मुकाट्याने पुढे दिला.

पाऊण वाजला. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं. एक वाजता ते तीन बोटं उतरलं होतं. कोणी जयजयकार केला नाही, माणसं जिथे होती तिथेच चिखलात बसली आणि हसायला लागली. मीही हसलो, आणि मग रडलो, आणि पाऊस असल्यामुळे कोणाला कळलं नाही असं मला वाटलं. तिकडून बाबाजीची हाळी आली की माणखारचा बांध जसाच्या तसा आहे.

हैबतराव गोदूबाईपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी चिखलाचा हात कपाळाला लावला आणि खरोखरची सलामी दिली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, हैबतराव. आदी घरा जाऊन कापडा बदला."

मी अहवाल लिहिला. माझ्या आयुष्यातला एकमेव अहवाल, ज्यात मी एकही गोष्ट झाकली नाही. माणखारच्या लोकांनी सरकारी बांधात विनापरवाना माती टाकली, त्यामुळे सरकारी बांध वाचला, परवानगीची वाट पाहिली असती तर वाचला नसता. खाली लिहिलं की नियमाप्रमाणे नोटीस देणं मला शक्य नाही, द्यायची तर सदर इसमांमध्ये माझंही नाव आहे. अहवाल रोह्याला गेला आणि मी बदलीच्या तयारीला लागलो.

बदलीचा हुकूम आला नाही. गणपती विसर्जन झाल्यावर, भात पोटरीला आला असताना, मोठे साहेब स्वतः जीपने माणखारला आले. बांध टोकापासून टोकापर्यंत चालले, पाणखारच्या पाझराची जागा बघितली. तोवर हैबतरावांनी दिलेला पाणखारचा अर्जही त्यांच्या फायलीत होता, की आम्हालाही माणखारसारखाच कारभार द्यावा. पाठोपाठ आणखी तीन गावांचे अर्ज होते. देवळासमोर सगळं गाव जमलं. साहेब म्हणाले, "मला भीती होती की किल्ली दिली तर गाव सरकारपासून दूर जाईल. इथे तर उलटं झालं. तुम्ही तुमचा बांध राखलात आणि सरकारचाही राखलात. वर्ष संपायची वाट बघत नाही." त्यांनी हुकूम माझ्या हातात दिला आणि मला वाचायला सांगितला.

मी वाचला. माणखारचा बांध आणि उघाडी गावाच्या कारभारात. पाणखार आणि इतर तीन गावांनाही तसाच अधिकार. लोक ओळीओळीला माना डोलवत होते, बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटची ओळ होती, "हा अधिकार पुढील आदेश होईपर्यंत अमलात राहील." असली ओळ प्रत्येक सरकारी हुकमात असते. मी ती हजारदा लिहिली असेल आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नसेल.

गोदूबाईने ती पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "म्हंजे कवातरी काडून घेनार?"

साहेब अवघडले. "बाई, ती लिहिण्याची पद्धत आहे. सगळ्याच हुकमांत असते."

"बरा," ती म्हणाली. "गावाला पन कागद द्यावा लागतो ना, की हुकूम मानला म्हनून?" साहेब हो म्हणाले. "मंग भाऊसाहेब, लिवा आमचा कागद."

मी देवळाच्या पायरीवर बसून कागद मांडीवर घेतला. ती उभ्या उभ्या सांगू लागली आणि मी तिचंच बोलणं जसंच्या तसं उतरवलं. बांध आमी राखू. सारा भरू. शेजारी बुडत असल तर बोलवायची वाट बघनार नाय. आमी या देशातले हाव.

मी थांबलो आणि सवयीने विचारलं, "शेवटी काय लिहू? कधीपर्यंत?"

"कवापर्यंत म्हंजे?" ती माझ्यावरच चिडली. "तसला काय लिवू नको. आमच्या कागदात पुढचा आदेश बिदेश नाय. आमी हाव ते कायमचे हाव."

मी कागद साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, परत वाचला. नंतर माझ्या हातातला सरकारी हुकूम मागून घेतला, जीपच्या बोनेटवर ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली. खोडलेल्या जागी बारीक अक्षरात सही केली. मग त्यांनी शाईची पेटी उघडून गोदूबाईपुढे धरली, आणि तिने गावाच्या कागदावर अंगठा टेकवला.